आमचा माणूस निघाला आहे

१

दारं बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात फोन वाजला की सगळं ठरल्यासारखं घडायचं. साहेब केबिनच्या काचेआडून 'मी नाही' अशी हातानं खूण करायचे. काकू चष्मा कपाळावर सरकवून रिसीव्हर उचलायच्या. आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर बसलेला पुटपुट्या, आपल्याला कोणी फोन घ्यायला सांगेल या धास्तीनं, टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखा वाकायचा.

काकूंचं उत्तर ठरलेलं. "हो. हो हो. अहो, आमचा माणूस निघालाय. हे काय, आत्ताच निघाला."

माणूस कधीच निघालेला नसे. निघण्याजोगा माणूस एकच, दारं बसवणारा मिस्त्री, आणि तो त्या वेळी भलत्याच टोकाला कुणाच्या तरी चौकटीला रंधा मारत असायचा. पण हे वाक्य त्या खोलीत इतकी वर्षं बोललं जात होतं, की ते खोटं आहे हे आता कुणाच्या ध्यानातही नव्हतं. जसं आपण 'बरा आहे' म्हणतो, तसं ते 'निघालाय' म्हणायचे.

पुटपुट्याचं खरं नाव पगारापुरतं. त्याचा आवाज ओठांच्या आतच विरायचा, म्हणून काकूंनी त्याचं हे बारसं केलं होतं. शाळा अर्ध्यात सुटल्यावर तो एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्ती शिकला. यंत्रांशी त्याचं छान जमायचं. माणूस समोर आला की मात्र तळहाताला घाम फुटायचा. याच पायी त्याच्या आधीच्या नोकऱ्या गेल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्याची आई शिलाई मशिनवर मान खाली घालून म्हणाली होती, "जाऊ दे सोन्या, दुसरी मिळेल." शेवटच्या वेळी ती तेवढंही म्हणाली नव्हती.

इथेही तो कच्चाच होता. साहेबांनी सरळ सांगितलं होतं, "हे बघ, कॉम्प्युटर सांभाळायला अख्खा माणूस लागत नाही, अर्धा लागतो. उरलेल्या अर्ध्यानं फोन घ्यायचे. जमलं तर पक्का करतो. नाही जमलं तर तू तुझा रस्ता धर, मी माझा धरतो."

पुटपुट्यानं आठवडाभर धीर गोळा केला आणि केबिनमध्ये जाऊन म्हणाला, "साहेब, तक्रारी फोनवर कशाला? एक सामाईक मेलबॉक्स करतो. फोन वाजणारच नाही."

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल."

त्यानं तेच पुन्हा हळू सांगितलं. साहेबांना त्यातलं 'फोन वाजणारच नाही' एवढंच ऐकू आलं, आणि तेवढं पुरलं.

"कर," ते म्हणाले. "फोन थांबला, तर तू पक्का."

२

मेलचा सर्व्हर म्हणजे जिन्याखालच्या खोलीत बिजागऱ्यांच्या खोक्यांशेजारी ठेवलेलं एक धुळकट यंत्र. वर्षानुवर्षं ते आपलं एकटंच गुरगुरत बसलेलं असायचं. पुटपुट्यानं त्याच्यासमोर स्टूल ओढलं आणि कामाला लागला.

सामाईक मेलबॉक्सला स्वतःचा पासवर्ड नसतो. त्यात थेट कुणाला शिरता येत नाही. ज्यांना परवानगी दिली त्यांना तो आपापल्या खात्यात दिसतो, बस. त्यानं परवानगी दिली साहेबांना, काकूंना, मिस्त्रीला आणि स्वतःला. मेल वाचायची आणि मेलबॉक्सच्याच नावानं उत्तर द्यायची. एकानं उत्तर दिलं की त्याची प्रत सगळ्यांना दिसावी अशी सोय केली. शिवाय प्रत्येकाला एक रंग वाटून दिला. जो तक्रार हाती घेईल त्यानं त्या मेलवर आपला रंग लावायचा. साहेबांना लाल, काकूंना जांभळा, मिस्त्रीला हिरवा. आपल्यासाठी त्यानं करडा ठेवला.

शेवटी राहिलं ते आपोआप जाणारं उत्तर. मेल आली की सर्व्हरनं स्वतःच पोच द्यायची. त्यानं 'आपली तक्रार मिळाली' एवढं लिहून साहेबांना दाखवलं.

"हे काय?" साहेब म्हणाले. "अर्धवट! तक्रार मिळाली, मग पुढं काय? गिऱ्हाईकाच्या जिवाला घोर लागेल. खाली लिही, आमचा माणूस निघाला आहे."

"पण साहेब, माणूस निघाला नसेल तर?"

"अरे, आपला माणूस कायम निघालेलाच असतो. हो की नाही हो, काकू?"

"मी लागले तेव्हापासून निघालेलाच आहे," काकू स्वेटरचे टाके मोजत म्हणाल्या.

पुटपुट्यानं लिहिलं. लिहिताना त्याला ते जरा खटकलं. काकू एका वेळी एकाच माणसाला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा तरी चाचरायचा. सर्व्हर चाचरणार नव्हता. पण वाद घालायला आवाज लागतो. त्यानं बटण दाबलं. खोलीतली गुरगुर क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. जुनी यंत्रं असं करतातच, असं त्यानं मनाला सांगितलं.

३

महिना सरता सरता फोन खरोखरच थंडावला. काकूंचा स्वेटर गळ्यापर्यंत आला. साहेब येता-जाता पुटपुट्याच्या पाठीवर थाप मारू लागले.

मग दंतवैद्याची मेल आली. त्याच्या दवाखान्याचं दार उघडताना असं किंचाळायचं की रोगी दात न दाखवताच परत जायचे, अशी त्याची तक्रार होती. आता त्यानं लिहिलं होतं, 'दार सुतासारखं चालतंय. आभारी आहे. तुमचा माणूस फार गुणी.'

पुटपुट्यानं ती वाचली आणि हिरवा रंग शोधला. दंतवैद्याच्या मूळ तक्रारीवर रंगच नव्हता. हिरवा नाही, कुठलाच नाही.

मिस्त्री दुपारी डबा खायला आला तेव्हा त्यानं विचारलं, "दातवाल्याकडे गेला होतात का?"

"मी? माझी अक्कलदाढ काढल्यापासून मी त्या गल्लीत पाय ठेवलेला नाही."

"मग दार कुणी नीट केलं?"

मिस्त्रीनं घास थांबवला. केबिनकडे बघत आवाज खाली आणला. "साहेबांनी गुपचूप दुसरा ठेवलाय की काय? मला काढायचा बेत दिसतोय."

काकूंना वाटलं, मिस्त्री आपला भाचा पाठवतो आणि मेहनताना स्वतः घेतो. साहेबांना वाटलं, मिस्त्री शेवटी एकदाचा सुधारला, आणि लाजेपायी कबूल करत नाही. प्रत्येकाला दुसऱ्यावर संशय, त्यामुळे कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. सामाईक गोष्टीचं हे असं असतं. काम झालं की ते आपण सोडून कुणीतरी केलेलं असतं.

पुटपुट्या रात्री आईला म्हणाला, "गिऱ्हाइकांनीच कुणी शेजारचा सुतार बोलावला असेल, आणि नाव आपलं झालं."

"बरंच की मग," आई सुईत दोरा ओवत म्हणाली. "पक्का कधी करणार ते सांग."

४

पुढच्या आठवड्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांची मेल आली. पुटपुट्यानं ती इतक्या वेळा वाचली की पाठच झाली.

'महोदय, आमच्या स्नानगृहाच्या दाराची दुरुस्ती समाधानकारक झाली. आपला माणूस वक्तशीर व शिस्तप्रिय आहे. तथापि तो अद्याप गेलेला नाही. दार पूर्ण उघडले असता तो दारामागे उभा असतो. प्रश्नांस उत्तर देत नाही. त्याच्या वर्तनाविषयी तक्रार नाही. परंतु स्नानगृह असल्याने किंचित गैरसोय होते. योग्य ती कार्यवाही व्हावी.'

लगेच एका नव्या सुनेची आली. 'झोपायच्या खोलीचं दार आता आपोआप उघडत नाही. थँक्यू. तुमचा माणूस अजून इथंच, दारामागं उभा आहे. सासूबाईंना तो फार आवडलाय. म्हणतात, घरात एक तरी गप्प राहणारा हवाच होता. पण आम्ही दोघं सध्या हॉलमध्ये झोपतो.'

दंतवैद्याचीही पुन्हा आली. एकच ओळ. 'घाई नाही, सहज विचारतो, दारामागच्या माणसाला न्यायला कधी येता?'

"वा!" साहेब केबिनमधून ओरडले. त्यांनी या सगळ्या मेलना हौसेनं लाल रंग लावून टाकला होता. "याला म्हणतात सेवा! एकदा गेला की जायचं नाव घेत नाही! काकू, जाहिरातीत टाका हे."

"पण साहेब, तो आहे कोण?" पुटपुट्या म्हणाला.

"मोठ्यानं बोल."

"आहे कोण तो?"

"कोण म्हणजे? आपला माणूस!" साहेबांना प्रश्नच कळला नाही. ते हसत केबिनमध्ये गेले.

पुटपुट्या जागेवर येऊन बसला आणि डोकं चालवायला लागला. कुणीतरी थट्टा करतंय. पण मुख्याध्यापक थट्टा करणाऱ्यांतले वाटत नव्हते, आणि त्या सुनेची त्यांच्याशी ओळख असण्याचं कारण नव्हतं. मग एकच माणूस तीन घरी कसा? तीन माणसं असतील. मग तिघंही दारामागंच का उभे राहतात?

तेवढ्यात आणखी एक मेल आली. कुणा गृहिणीची, त्रोटक. 'आमच्या धाकटीनं त्याला विचारलं, काका तुम्ही कुठं राहता? तो तिच्याकडे वळला म्हणे. ती आता त्याच्याबद्दल काही बोलत नाही. आम्ही दार अर्धंच उघडतो.'

पुटपुट्या उठला, जिना उतरला, सर्व्हरच्या खोलीत गेला आणि त्यानं ते आपोआप जाणारं उत्तर बंद करून टाकलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मेलला पोच आली नाही म्हणून लोक चवताळले होते. काकूंच्या हातातून टाके सुटले. साहेब केबिनमधून बाहेर आले, आणि ते बाहेर आले की खोली लहान व्हायची.

"बंद केलंस? कुणाला विचारून?"

पुटपुट्यानं तळहात शर्टाला पुसले.

"उद्या तुला पक्का करणार होतो मी. उद्या! आता दोनच रस्ते. एक तर ते उत्तर चालू कर, नाहीतर हा फोन घे." साहेबांनी वाजणारा रिसीव्हर उचलून त्याच्यासमोर धरला. त्यातून एका बाईचा आवाज तारस्वरात येत होता. "घे ना! बोल तिच्याशी!"

पुटपुट्यानं रिसीव्हरकडे पाहिलं. त्याला आईची खाली घातलेली मान आठवली. आणि खरं सांगायचं तर, त्या बाईच्या आवाजाची भीती दारामागच्या माणसापेक्षा फार जवळची होती. तो जिना उतरला आणि त्यानं उत्तर चालू केलं.

फोन थांबला.

दुपारी सगळे आपापल्या स्क्रीनसमोर बसलेले असताना काकूंनी एकदम पदर तोंडाला लावला. मग मिस्त्री मोबाईलकडे बघून खो खो हसायला लागला. साहेबांनी तर वाचायलाच सुरुवात केली, मोठमोठ्यानं.

"'साहेबांना नमस्कार. माझा सोन्या तुमच्याकडे कामाला आहे. तो म्हणतो, मेल आल्या तर नोकरी पक्की होणार. म्हणून शेजारच्या मुलीकडून ही लिहून घेते. आमच्या स्वयंपाकघराचं दार खाली घासतं. दार तुमच्या कंपनीचं नाही, पण तक्रार माझी आहे. सोन्या बोलत नाही, पण कामाला वाघ आहे. लहानपणी तर चार वर्षांचा होईपर्यंत...' अरे बापरे, हे पुढचं मी वाचत नाही!"

"वाचा की साहेब!" मिस्त्री म्हणाला.

"सोन्या!" काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आजपासून सोन्याच म्हणायचं."

पुटपुट्या कानापर्यंत लाल झाला. सामाईक मेलबॉक्स आपण का केला, असं त्याला झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असा विचार करत त्यानं मान खाली घातली, आणि तेव्हा त्याला मेलच्या खाली गेलेली पोच दिसली. सर्व्हरनं चोखपणे काम केलं होतं.

'आपली तक्रार मिळाली. आमचा माणूस निघाला आहे.'

खुर्ची मागं पडली ती त्यानं उचललीसुद्धा नाही.

"अरे, रागावू नकोस! गंमत केली रे!" मागून काकूंचा आवाज आला.

६

आई मशिनवर बसलेली होती. कुणाच्या तरी परकराला काठ लावणं चाललं होतं. पुटपुट्याला दारात पाहून तिनं पाय थांबवला.

"इतक्या लवकर? जेवलास ना?"

"आई, कोणी आलं होतं?"

"होतं म्हणजे? आहे की. कसले रे तुम्ही लोक, मेल केली न केली तोच माणूस हजर! मी म्हटलं, बसा, पाणी घ्या. पाणी घेत नाही, बसत नाही. दार मात्र बघ, लोण्यासारखं झालंय."

स्वयंपाकघराचं दार सताड उघडं होतं. एरवी उघडलं की ते भिंतीला टेकायचं. त्यामागं घर झाडायची केरसुणी जेमतेम मावायची. आता ते भिंतीपासून वीतभर लांब होतं. केरसुणी बाहेर, ओट्याला टेकवून नीट उभी केलेली होती.

दार आणि फरशी यांच्या फटीत बुटांची टोकं दिसत होती. धुळीनं पार पांढरी झालेली. फार चाललेल्या माणसाची असतात तशी.

"अहो," पुटपुट्या म्हणाला. आवाज ओठांतच राहिला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. "अहो, काम झालं असेल तर..."

दारामागं कुणी श्वास घेत नव्हतं. पण कुणीतरी ऐकत होतं. फोनवर पलीकडचा माणूस गप्प असला तरी तो आहे हे जसं कळतं, तसं ते कळत होतं.

"असं तोडून नको बोलूस," आई कुजबुजली. "बिचारा तुमच्या सांगण्यावरून आला. इथलं झालं, तर पुढं कुठंतरी पाठवा त्याला. कुणी वाट बघत असल्याशिवाय माणूस जाईल तरी कुठं?"

तिनं ते सहज म्हटलं आणि ती काठाकडे वळली. पुटपुट्या मात्र तिथंच उभा राहून विचार करत राहिला. मुख्याध्यापकांकडचा गेला नाही. दंतवैद्याकडचा गेला नाही. त्यांना 'निघा' असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ते फक्त 'निघाला' होते. कुणाकडे तरी पाठवल्याशिवाय हा इथून हलणार नव्हता, आणि ज्याच्याकडे पाठवायचं त्याच्या घरातही आई असणार, धाकटी असणार.

मग सगळे जिथून निघाले होते, तिथंच त्यांना परत बोलवायचं ठरवून त्यानं खिशातून मोबाईल काढला. घामेजल्या अंगठ्यानं तक्रारीच्या पत्त्यावर मेल लिहिली. 'कारखान्याच्या ऑफिसचं दार नीट लागत नाही. मी वाट बघतो आहे.' खाली ऑफिसचा पत्ता घातला. त्याखाली, पहिल्यांदाच, स्वतःचं पूर्ण नाव.

पोच तत्काळ आली.

मशिनचा आवाज थांबलेला होता. आईसुद्धा बघत होती. स्वयंपाकघराचं दार हळूहळू मागं गेलं आणि भिंतीला टेकलं. मधे कुणी नव्हतं. जाताना कुणी दिसलं नाही.

"चहा न घेताच गेला," आई म्हणाली. मग तिनं परकर बाजूला ठेवला, आणि का कुणास ठाऊक, उठून त्याचा हात धरून उभी राहिली.

७

दुसऱ्या दिवशी मेलबॉक्समध्ये आभाराचा पाऊस. 'स्नानगृह पूर्ववत झाले.' 'आम्ही पुन्हा आमच्या खोलीत.' 'सासूबाई जरा उदास आहेत.' सगळीकडून एकदमच गेला होता. साहेबांना थोडं वाईट वाटलं, पण शब्दाला ते जागले. त्यांनी पुटपुट्याला पक्का केला आणि मिस्त्रीकडून सगळ्यांसाठी चहा मागवला.

ऑफिसचं दार त्या दिवसापासून भिंतीला टेकलं नाही. तसं ते नेहमी अर्धवटच उघडं असायचं, त्यामुळे कुणाला काही जाणवलं नाही. पुटपुट्या तेवढा आत शिरताना अंग चोरून शिरायचा, आणि त्याच्या कोपऱ्यातून तिकडे बघायचा नाही.

त्यानं आपोआप जाणाऱ्या उत्तरातलं ते वाक्य काढून टाकलं. साहेबांना कळायच्या आत तो काकूंच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, "काकू, यापुढं फोन मी घेणार."

काकूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "तू? बरं वाटतंय ना सोन्या?"

"फक्त मीच. तुम्ही हात लावायचा नाही."

कारण त्यांना सवय होती. सवयीनं त्या ते वाक्य बोलून जातील, आणि दाराजवळ कुणीतरी ते ऐकेल.

तेव्हापासून पुटपुट्या फोन घेऊ लागला. पहिल्या दिवशी शर्ट चिंब झाला. "नाही हो," तो म्हणायचा, "माणूस निघालेला नाही. अजून इथंच आहे." लोक गांगरायचे. इतक्या वर्षांत असं कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. काही तर खूश व्हायचे. "निदान खरं तरी बोलताय," असं म्हणायचे. त्याचा आवाज दिवसागणिक ओठांबाहेर यायला लागला. काकूंचा स्वेटर पुरा झाला आणि त्यांनी दुसरा घेतला. घरी आईनं दोन वेळा त्याला सांगितलं, अरे हळू बोल, शेजारी ऐकतील. असं सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

८

एका दुपारी एका म्हाताऱ्या मावशींचा फोन आला. एकट्याच राहत होत्या. बाहेरचं दार लागतच नव्हतं, कडी बसेना, आणि त्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून सकाळपासून पहारा देत होत्या. "कधी येतंय कुणी? मला डोळा लागेल हो," त्या म्हणाल्या.

मिस्त्री बाहेर होता. साहेब केबिनमधून ओरडले, "सांग ना, माणूस निघाला—"

"साहेब!" पुटपुट्या गरजला. एवढ्या मोठ्यानं, की खाली कारखान्यात एक करवत थांबली.

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. दाराच्या कडेवर चार बोटं आलेली पुटपुट्यानं पाहिली. निघायच्या तयारीत असलेल्या माणसानं धरावी तशी त्या बोटांनी कड धरली होती.

त्यानं पाठ फिरवली आणि फोनमध्ये स्वच्छ, खणखणीत आवाजात सांगितलं, "मावशी, दुसरं कुणी येणार नाही. मी स्वतः येतो. मी निघालोय."

मिस्त्रीची जुनी पिशवी खांद्याला अडकवून तो बाहेर पडला. जाताना दार त्याच्या खांद्याला लागलं आणि मागं जाऊन भिंतीवर आपटलं. किती दिवसांनी! त्याला इतकं हलकं वाटलं की तो जिना दोन-दोन पायऱ्या सोडत उतरला. रस्ताभर तो मनाशी बिजागऱ्या, स्क्रू, कडी असं घोकत होता. आपण एका अनोळखी घरी चाललोय आणि तळहात कोरडे आहेत, याचं त्याला नवल वाटत होतं.

मावशींचं घर तळमजल्यावर होतं. दार लागलेलं होतं. चांगलं घट्ट. त्यानं ते वाजवलं.

आतून कडी अलगद सरकली. दार अर्धं उघडलं आणि मावशींचा चेहरा दिसला. झोप झालेला, प्रसन्न. त्याला पाहून त्या चेहऱ्यावरचा प्रसन्नपणा हळूहळू उतरत गेला. त्यांनी मान वळवून दारामागं पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे. पिशवीकडे. शर्टाकडे.

"मी कारखान्यातून आलोय," तो म्हणाला. "मघाशी फोनवर बोललो तो."

"हो, पण..." मावशी अडखळल्या. "तुम्ही तर केव्हाच आलात. दारसुद्धा झालं."

दारामागून कुणीतरी काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत. आवाज ओठांच्या आतच विरत होता.

मावशी भल्या होत्या. दारात आलेल्याला परत पाठवणं त्यांच्या जिवावर आलेलं दिसत होतं. त्या जरा बाजूला झाल्या, घरात इकडेतिकडे बघितलं आणि ओशाळून म्हणाल्या, "या ना आत. पण तुम्हाला उभं कुठं करू? माझ्या घराला दुसरं दार नाही हो."